डावीकडचे तिसरे चाक

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२७) प्रमाणे मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, आणि तिला जादा चाक असलेली, काढता येण्याजोगी साइडकार लावली तरी ती मोटारसायकलच. रस्त्यावर उभे राहून मोजली तर चाके तीन भरतात. कायदा दोनच धरतो. व्यवहाराला हे सोयीचे आहे. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना खिशात असलेल्याला साइडकारसाठी निराळी परीक्षा द्यावी लागत नाही. घोटाळा नेमका इथे होतो. अर्धे आयुष्य बुलेटवर काढलेला माणूस हौसेने साइडकारवाली गाडी घेतो, किक मारतो, आणि पहिल्याच डाव्या वळणावर समोरून येणाऱ्या बसच्या दिशेने जाऊ लागतो. हात सरावाचेच असतात, हातातले वाहन बदललेले असते.

साधी मोटारसायकल वेगात असताना आपण तिला झुकवून वळवतो. डावीकडे जायचे तर डावी मूठ हलकेच पुढे दाबली जाते, हँडल क्षणभर उजवीकडे फिरते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. हे इतके अंगवळणी पडलेले असते की आपण असे करतो हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते. साइडकारची गाडी कलत नाही. डावी मूठ पुढे दाबली की ती सरळ उजवीकडे निघते. तिचे हँडल मोटारीच्या स्टिअरिंगसारखे, जिकडे जायचे तिकडेच फिरवावे लागते, आणि तेही दंडाला जाणवेल इतका जोर लावून.

तीन चाकांची ऑटोरिक्षाही कलत नाही. पण तिचे एक चाक पुढे मधोमध आणि दोन मागे सारख्या अंतरावर असतात. डावे वळण आणि उजवे वळण तिला सारखेच. साइडकारच्या गाडीत वजन एका बाजूला, चालवणारे चाक दुसऱ्या बाजूला, ब्रेक बहुधा दोनच चाकांना, आणि तिसरे चाक मागच्या चाकाच्या रेषेतही नाही. हे मुळातच विषम वाहन आहे. तिच्या खोडी, चालवण्याची रीत, विकत घेताना करायची तपासणी आणि कागदपत्रांची कटकट, सगळे त्या विषमतेतून निघते. म्हणून माझे म्हणणे असे की जुनी साइडकारवाली गाडी घेताना इंजिन सगळ्यात शेवटी बघावे. आधी जोड बघावा. लोखंडाचा जोड आणि मग कागदाचा जोड. हैदराबादसारख्या गावात इंजिन दुरुस्त होतेच होते. चुकलेला जोड जीव घेऊ शकतो, आणि कागदावर नसलेला जोड गाडी जप्त करवू शकतो.

उलटण्याचे गणित

थोडे आकडे मांडू. ते एखाद्या ठरावीक गाडीचे नाहीत, पण जुन्या ३५० सीसी बुलेटला लावलेल्या मध्यम साइडकारच्या जवळपासचे आहेत. बुलेट आणि चालक मिळून २४० किलो. रिकामी साइडकार ८० किलो, तिचे वजन बुलेटच्या दोन चाकांच्या रेषेपासून सुमारे ७५ सेंटिमीटर डावीकडे. हिशेब केला तर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य त्या रेषेपासून जेमतेम १९ सेंटिमीटर डावीकडे पडतो. जमिनीपासून त्याची उंची ५५ सेंटिमीटर धरू.

डावीकडे वळताना वजन उजवीकडे फेकले जाते. बुलेटच्या दोन चाकांची रेषा ही बिजागरी होते आणि साइडकार हवेत उठू पाहते. तिला खाली धरून ठेवायला हे १९ सेंटिमीटर आहेत आणि तिला उठवायला ५५ सेंटिमीटरची उंची. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे चौकातल्या साध्या डाव्या वळणावर, ताशी २१ किलोमीटरच्या आसपास चाक जमीन सोडते. २५ मीटरच्या मोकळ्या वळणावर ३३ च्या आसपास. चालकाने कमरेपासून वरचे अंग डावीकडे नीट झोकले तर १० मीटरच्या वळणावर २१ चे २३ होतात. साइडकारमध्ये ६० किलोचा माणूस बसला तर २५. नवशिक्याने साइडकारच्या तळाशी ४० किलो रेतीचे पोते टाकावे असे जुने लोक सांगतात ते याच कारणाने. त्याने मर्यादा २४ च्या जवळ जाते. पोते तळाशीच हवे. तेच वजन सीटच्या वर बांधले तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते, कारण उंचीही वाढते.

उजव्या वळणाचे गणित निराळे आहे. इथे वजन साइडकारवर येते आणि बिजागरी होते ती पुढच्या चाकापासून साइडकारच्या चाकापर्यंतची तिरकी रेषा. वरचेच आकडे घेऊन, बुलेटच्या दोन चाकांतले अंतर १३७ सेंटिमीटर, साइडकारचे चाक ११० सेंटिमीटर बाजूला आणि मागच्या चाकापेक्षा २० सेंटिमीटर पुढे, असे धरले तर गाडी उलटवायला डाव्या वळणाच्या तिपटीहून जास्त जोर लागतो. कोरड्या डांबरावर टायर आधी घसरेल. इतके वाचून उजवे वळण सुरक्षित आहे असे कुणी समजू नये. त्याच वळणात जोराचा ब्रेक दाबला की वजन त्या तिरक्या रेषेच्या पुढे धाव घेते आणि मर्यादा निम्म्याच्या जवळ येते. मग साइडकारचे नाक खाली जाते आणि बुलेटचे मागचे चाक उठते. डाव्या वळणावर साइडकार उचलली गेली की चालकाला लगेच कळते, तो गॅस सोडतो, अंग झोकतो, चाक खाली येते. उजव्या वळणावर मागचे चाक उठते ते पाठीमागे, न दिसता. म्हणून अनुभवी चालक डाव्या वळणाची भीती कमी आणि उजव्याचा मान जास्त ठेवतात.

चालकाला यातून एक नियम पुरतो: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही.

ओढ आणि जोडणी

सरळ रस्त्यावरही ही गाडी सरळ चालत नाही. गॅस दिला की बुलेटचे मागचे चाक पुढे ढकलते, पण ओझे डावीकडे आहे. गाडीचे तोंड डावीकडे फिरू पाहते. ब्रेक लावला की बुलेट थांबते आणि ब्रेक नसलेली साइडकार पुढे जात राहते; तोंड उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला जाते. साइडकारच्या चाकाला मागच्या ब्रेकशी जोडलेला ब्रेक असेल तर ही ओढ बरीच कमी होते, आणि तसा ब्रेक असलेली जुनी साइडकार मिळाली तर तिच्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. जुन्या बुलेटचे ब्रेक सहा इंची ड्रमचे. एकट्या गाडीला ते कसेबसे पुरतात. त्यांच्यावर साइडकार, सवारी आणि सामान टाकले की थांबायचे अंतर किती वाढते ते पहिल्याच उतारावर समजते.

यात रस्त्याचा उतार मिसळतो. पाणी वाहून जावे म्हणून आपल्या डांबरी रस्त्यांना मधल्या भागापासून कडेकडे दोन-अडीच टक्क्यांचा ढाळ देतात. अडीच टक्के म्हणजे सुमारे दीड अंश. डावीकडून चालणाऱ्या गाडीला हा ढाळ सतत डावीकडे ओढतो. गॅसची ओढ डावीकडे, ढाळाची ओढ डावीकडे, आणि साइडकारच्या चाकाचे घर्षणही डावीकडेच.

यावर उपाय जोडणीत करावा लागतो, आणि तो तीन मापांत असतो. पहिले, साइडकारचे चाक बुलेटच्या चाकांना अगदी समांतर न ठेवता पुढून किंचित बुलेटकडे वळवायचे. मिस्त्री याला टो-इन म्हणतात. दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घ्याव्यात, एक बुलेटच्या दोन्ही टायरांना लावून आणि एक साइडकारच्या टायरला लावून जमिनीवर ठेवावी, आणि दोन्हींमधले अंतर पुढे आणि मागे मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १० ते २० मिलिमीटर कमी असावे. दुसरे, बुलेट स्वतः उभी काटकोनात नसावी, ती साइडकारपासून दूर, उजवीकडे एक-दोन अंश कललेली असावी. याला लीन-आउट म्हणतात. ढाळ दीड अंशाचा आणि कल तेवढाच, हा योगायोग नाही; ढाळाच्या रस्त्यावर बुलेट जवळपास सरळ उभी राहते. तिसरे, साइडकारचे चाक मागच्या चाकापेक्षा थोडे पुढे असावे, सहसा १५ ते २५ सेंटिमीटर. ते फार पुढे नेले तर वळताना तिन्ही टायर रस्त्यावर खरवडले जातात. फार मागे ठेवले तर उजव्या वळणात नाक खाली जाण्याचा धोका वाढतो.

मापे घेताना चालक गाडीवर बसलेला असावा, आणि नेहमी जी सवारी न्यायची तिच्या वजनाइतके ओझे साइडकारमध्ये असावे. रिकाम्या गाडीवर घेतलेली मापे रिकाम्या गाडीपुरतीच खरी. एक वेग, एक ओझे आणि एक ढाळ धरून जोडणी बसवतात; बाकी सगळ्या वेळी हात थोडे काम करणारच.

हँडल जड का लागते याचेही कारण सांगायला हवे. पुढच्या चाकाची जमिनीला टेकण्याची जागा हँडलच्या दांड्याच्या रेषेच्या थोडी मागे असते. दोन चाकांवर हेच अंतर गाडीला स्थिर ठेवते. तीन चाकांवर ते नुसते हात दुखवते. साइडकार गंभीरपणे घेणाऱ्या कंपन्यांनी यावर तोड काढली होती. बीएमडब्ल्यूच्या १९५५ ते १९६९ च्या गाड्यांतल्या अर्ल्स चिमट्यात पुढचे चाक धरणाऱ्या हाताच्या खिळीसाठी दोन जागा असत, एक एकट्या गाडीसाठी आणि एक साइडकारसाठी. बुलेटच्या साध्या चिमट्यात अशी सोय नाही. शिवाय ताशी पंचवीस-तीसच्या आसपास हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागते; त्यासाठी जुन्या बुलेटच्या हँडलच्या मधोमध असलेला काळा गोल नॉब, घर्षणाने हँडल जखडणारा, थोडा आवळावा लागतो. अनेक जुन्या गाड्यांत तो नुसता शोभेला उरलेला असतो. आतल्या चकत्या झिजलेल्या असतात, आणि त्या बदलायचे कुणाच्या लक्षात येत नाही.

किक कोणत्या बाजूला

बाजारात जुनी साइडकार लावलेली जी यंत्रे दिसतात त्यांत बुलेट, जावा-येझदी आणि बजाजची स्कूटर हीच मुख्य. यांच्यात निवड करताना लोक ताकद, आवाज आणि मायलेज बघतात. मी आधी किक कोणत्या बाजूला आहे ते बघतो.

बुलेट मूळची इंग्लंडची. १९५५ मध्ये एनफील्ड इंडिया स्थापन झाली, मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला आणि बुलेटचे उत्पादन इकडे आले. इंग्लंडात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे साइडकार डावीकडे. आणि जुन्या बुलेटची किक आणि गिअर दोन्ही उजवीकडे, साइडकारपासून मोकळे. मागच्या ब्रेकचे पेडल तेवढे डावीकडे आहे, तिथे साइडकारचा पाइप पायाला आडवा येतो का ते बसून बघायचे. इंजिन ३४६ सीसीचे, ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवर ओढ चांगली, आणि साइडकारला तीच हवी असते. अश्वशक्ती अवघी अठराच्या घरात. गिअरबॉक्सच्या पुढच्या चेनचाकाचा एक दात कमी केला की चढावर गाडी धाप टाकत नाही, वरचा वेग थोडा जातो, आणि तो तसाही वापरायचा नसतो.

जावा चेकोस्लोव्हाकियाची. तिथे वाहने उजवीकडून चालतात, साइडकार उजवीकडे लागते. वेलोरेक्स कंपनीच्या साइडकार जावांना तशाच लागत. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून १९९६ पर्यंत ज्या जावा आणि येझदी बनवल्या त्यांत मूळ रचना कायम राहिली: किक आणि गिअर एकाच दांड्यावर, आणि तो दांडा डावीकडे. आपल्याकडे साइडकारही डावीकडेच लागते. म्हणजे किक मारायला पाय जिथे खाली जायचा नेमके तिथे लोखंड. काही मिस्त्री साइडकार जरा लांब बसवून वाट काढतात. मग गाडी रुंद होते, आणि जोडणीच्या पाइपांवर ताण वाढतो. येझदी मला एकटी फार आवडते. साइडकारसाठी मी ती घेणार नाही.

बजाजच्या स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला बसवलेले असते आणि किकही उजवीकडे, त्यामुळे डावीकडची साइडकार तिच्या जन्मजात उजव्या झुकावाला उलट उताराच देते. पण तिला पाइपांचा सांगाडा नाही; पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा. जुन्या, गंजलेल्या तळपत्र्याला साइडकारचे क्लॅम्प आवळायचे म्हणजे गंजाला आवळायचे. एके काळी ही जोडी चैनीची नव्हती. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची ते दिवस होते. नवरा, बायको, दोन मुले आणि मंडईची पिशवी एवढा ऐवज दोन चाकांवर मावेना म्हणून लोक साइडकार लावत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, आणि मग हळूहळू त्या साइडकार अंगणाच्या कोपऱ्यात गेल्या. आज विकायला निघतात त्यांतल्या पुष्कळ अशा कोपऱ्यांतूनच आलेल्या असतात.

बीएसएच्या युद्धकालीन गाडीची हौस असणारेही भेटतात. त्यांच्या मनात बहुधा ‘शोले’ असतो. १९७५ च्या त्या चित्रपटातल्या गाण्यात साइडकार गाडीपासून सुटते, वेगळ्या वाटेने जाते आणि पुढे पुन्हा जुळते. एका चाकाची साइडकार सुटली तर ती तिथेच जमिनीवर आडवी व्हायची; ती चालली कारण तो सिनेमा होता. खऱ्या गाडीत चालता चालता साइडकार सुटणे हा सगळ्यात वाईट अपघात आहे.

लोखंड तपासताना

साइडकार चार जागी पकडलेली असावी: खाली पुढे, खाली मागे, वर पुढे, वर मागे. तीन जागांवर पकडलेल्या गाड्या सर्रास दिसतात, आणि त्या चालतातही; एक खिळी सैल झाली की मात्र उरलेल्या दोन बिजागरीसारख्या हलू लागतात. बुलेटच्या बाबतीत खालची पुढची पकड विशेष बारकाईने बघावी. तिच्या सांगाड्यात पुढचा उभा पाइप इंजिनपाशी येऊन संपतो आणि इंजिनचे क्रँककेस स्वतःच सांगाड्याचा भाग होते. इंजिनखालून जाणारा पाइप नाही. म्हणून ही पकड जाड पट्टीवर आणि सांगाड्याच्या बोल्टांवर घेतलेली असायला हवी. क्रँककेसच्या ॲल्युमिनियमवर थेट ताण पडत असेल तर एखाद्या दिवशी तिथे तडा जाईल, आणि तडा गेलेल्या क्रँककेसमधून ऑइल गळायला लागेपर्यंत कुणाला कळणार नाही.

वेल्डिंगची जागा रंगाखाली लपवलेली असते. नवा जाड रंग फक्त जोडापाशीच असेल तर तो खरडून बघायचा आग्रह धरावा. विकणारा नाही म्हणाला तर उत्तर मिळालेच. हँडलच्या मानेतल्या बेअरिंगची टक्टक्, मागच्या स्विंग आर्मचे बुश, चाकांचे आरे: या तिन्हींवर साइडकार एरवी न येणारा आडवा ताण टाकते, कारण कलणारी गाडी आडवा ताण घेतच नाही. एकेक आरा बोटांनी वाजवून बघावा. ढिल्या आऱ्याचा आवाज बद्द येतो. साइडकारच्या डब्यातला गालिचा उचलून खालचा पत्रा बघावा, तिथे पाणी साठते.

मग चालवून बघायचे. सपाट, मोकळा रस्ता, ताशी चाळीसचा वेग. हात हँडलवर हलके ठेवून गाडी कुठे जाते, गॅस सोडल्यावर कुठे जाते, हळू ब्रेक लावल्यावर कुठे जाते. गॅसवर थोडी डावीकडे, सोडल्यावर थोडी उजवीकडे, हे निरोगी लक्षण आहे. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढत असेल तर जोडणी चुकलेली आहे किंवा सांगाडा वाकलेला आहे, आणि पहिली गोष्ट स्वस्त, दुसरी महाग.

इंजिनची काळजी हैदराबादेत इतकी करायला नको, असे मी म्हणालो त्याला आधार आहे. सिकंदराबादची छावणी, त्रिमुलघेरीचे लष्कराचे ईएमई महाविद्यालय, लष्कराच्या लिलावांतून बाहेर आलेल्या बुलेट, राणीगंजची सुट्या भागांची दुकाने, बालानगरच्या लेथ आणि टूल-रूम: या शहराला जुने यंत्र नवे करायची सवय आहे. बालानगरलाच केंद्र सरकारची टूल डिझाइन संस्था १९६८ पासून आहे, आणि तिच्या आसपासच्या छोट्या वर्कशॉपांत जोडणीची पट्टी, खिळी, बुश मापाबरहुकूम करून मिळते. गुरुवारी पुरानापुलाजवळ भरणाऱ्या जुमेरात बाजारात जुने कार्ब्युरेटर आणि दिव्यांच्या काचा दिसतात. हौसेने फिरायला ती जागा छान, पण तिथे घेतलेल्या वस्तूची पावती मिळणार नाही हे धरून चालावे. मिस्त्रीला कोणतेही काम सांगितले की ‘हौ, हो जाता’ असे उत्तर येते, आणि बहुतेक वेळा होतेही. जोडणीच्या बाबतीत मात्र ‘हो जाता’वर न थांबता मापे मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून द्यावीत आणि गाडी घेताना स्वतः मोजावीत.

कागदाचा जोड

आरसी बुकावर इंजिन आणि चासी क्रमांक जुळतात का, हे सगळेच बघतात. साइडकारची नोंद त्यावर आहे का हे फार थोडे बघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा फेरफार करता येत नाही की ज्यामुळे कंपनीने दिलेला मूळ तपशील आणि आरसीवरचा तपशील यांत फरक पडेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. साइडकार मोटारसायकलच्या व्याख्येतच असल्यामुळे ती मुळातून निषिद्ध नाही. केंद्राच्या ‘वाहन’ या नोंदणी प्रणालीत साइडकारसह मोटारसायकल असा वेगळा वर्गही आहे. पण नोंद नसलेली साइडकार म्हणजे आरसीवर न दाखवलेले चाक, रुंदी आणि आसन. अपघात झाला तर त्या आसनावरच्या माणसाचा दावा नाकारायला विमा कंपनीला आयते कारण मिळते. म्हणून नोंद असलेली थोडी खराब गाडी नोंद नसलेल्या चकचकीत गाडीपेक्षा जास्त मोलाची.

गाडी नांदेड, लातूर किंवा बीदरकडून आलेली असेल, आणि हैदराबादच्या बाजारात तशा येतात, तर नमुना २८ ची ना-हरकत, नमुना २९ आणि ३० वर मालकी बदल, आणि इथला कर भरून नवीन नोंदणी, असा क्रम आहे. तेलंगणाने बरीच वर्षे केंद्राच्या ‘वाहन’ऐवजी स्वतःची वेगळी प्रणाली वापरली, त्यामुळे एका बाजूला दिसणारी नोंद दुसऱ्या बाजूला दिसेलच असे धरू नये, छापील कागद हातात असावा. १९८९ च्या आधीचे, इंग्रजी ‘ए’पासून सुरू होणारे तीन अक्षरी आंध्र क्रमांक लोकांना फार प्रिय असतात. त्या क्रमांकाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत होत आली आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. मधली साखळी तुटलेली असेल तर प्रिय क्रमांक हा नुसता पत्रा.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीसाठी जुलै २०२१ पासून विंटेज नोंदणीची वाट उघडली. सुरुवातीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर नूतनीकरणाला ५,०००. पण अशी गाडी मूळ रूपात असावी लागते आणि रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. जिला बाजारात न्यायचे आहे, जिच्यात नातवाला शाळेत सोडायचे आहे, तिला ही वाट उपयोगाची नाही.

साइडकारसाठी हेल्मेटचा नियमही बदलला आहे. १९८८ च्या कायद्यात कलम १२९ ने साइडकारमध्ये बसलेल्याला हेल्मेटमधून वगळले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. आता चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवे. ते बरोबरही आहे, कारण साइडकारमधला माणूस रस्त्यापासून सगळ्यात कमी उंचीवर आणि ट्रकच्या चाकांच्या पातळीवर असतो.

रस्त्यावर

पहिले धडे मोकळ्या मैदानात, रेतीचे पोते टाकून. आठाचा आकडा आधी सावकाश, मग इतक्या वेगाने की डाव्या फेरीत चाक मुद्दाम उचलले जाईल. चाक हवेत असताना हँडल थोडे उजवीकडे सोडले की ते खाली येते, हे अंगात भिनेपर्यंत रस्त्यावर यायचे नाही. आणखी एक जुनी सवय मोडायची: थांबताना डावा पाय खाली टेकवण्याची. तिथे आता साइडकारचा पाइप आहे आणि गाडी पुढे सरकत असेल तर तो पाय चाकाखाली जाऊ शकतो. दोन्ही पाय फूटरेस्टवरच.

हैदराबादचे ग्रॅनाइटचे चढउतार या गाडीची खरी परीक्षा घेतात. बंजारा हिल्सच्या चढांवर गाडी बंद पडली तर रिव्हर्स गिअर नाही, आणि मागे ढकलायला दोन माणसे लागतात. स्टँडची गरज उरत नाही, पण उतारावर उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकाला दगड लावावा. गतिरोधकावर पुढचे, बाजूचे आणि मागचे चाक असे तीन धक्के वेगवेगळ्या क्षणी येतात. गाडी सरळ नेली, तिरकी नाही, तरच हँडल हातात राहते. सुलतान बाजार, बेगम बाजारच्या गल्ल्यांत ती ऑटोइतकी रुंद आहे हे विसरून घुसणाऱ्याला मागे येताना सगळा बाजार मार्गदर्शन करतो. आउटर रिंग रोडच्या मुख्य मार्गावर दुचाकींना आणि तीनचाकींना बंदी आहे, म्हणून ती कायद्याने दोन चाकांची असो की तीन, तिथे वाट सर्व्हिस रोडचीच.

पावसाळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. ढाळामुळे पाणी डाव्या कडेला साठते आणि साइडकारचे चाक नेमके त्याच पट्ट्यात चालते. टायर पाण्यात शिरला की डावीकडे जोराचा हिसका बसतो, आणि त्या पाण्याखाली उघडे मॅनहोल आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून जोराचा पाऊस पडल्यावर बुलेट रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात ठेवावी, मागून हॉर्न वाजले तरी.